सायाळीचा वाचनमेळा

फार वर्षांपूर्वी एका माळावर सगुणा नावाची सायाळ राहत होती. माळावरच्या पिल्लांना वाचता यावं म्हणून तिने वडाखाली वाचनमेळा भरवला, पण एकही पिल्लू फिरकलं नाही.

सगुणा थेट घुशीच्या दारात गेली. "बाई, पोरं का नाही पाठवलीस?"

"अक्षरं गिरवत बसली, तर पावसाळ्याआधी बिळं कोण खणणार?" घूस फणकारली.

"मग मेळा इथंच भरेल," सगुणा म्हणाली. तीही खणू लागली आणि उकरलेल्या मातीवर आपल्या काट्याने रोज एक अक्षर काढू लागली. हळूहळू माळावरची सगळी पिल्लं तिथं जमू लागली.

एके दिवशी घुशीच्या धाकट्याने मातीवर काहीतरी लिहिलं.

"हे काय रे?"

"आई, तुझं नाव."

घूस त्याच्याशेजारी बसून म्हणाली, "पुन्हा लिही. सावकाश."