दोरी न लावलेली कमान

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. कोणत्या राज्यातली, ते विचारू नका. मत्सर सगळ्याच राज्यांत पिकतो, त्याला पाऊस लागत नाही.

एका राजाने ठरवलं, की राज्यातलं धान्य, मीठ, औषधं, बियाणं सगळं कोठारांच्या एका नव्या नगरीत ठेवायचं. कोणत्याही कोठारातून कोणत्याही कोठाराकडे गाड्या सतत धावणार, म्हणून खरं काम होतं वाटांचं. राजाने ते दोघांवर सोपवलं. एकाच गुरूकडे शिकलेले ते दोघे. थोरल्याने राजवाडा बांधून नाव कमावलेलं, धाकटी दरबारात नवी. दोघांपैकी एकाला पुढे प्रधान स्थपतीचं पद मिळणार होतं, आणि ते आपलंच, असं थोरला धरून चालला होता.

धाकटीने बरेच दिवस एक रेघसुद्धा ओढली नाही. जुन्या कोठारांच्या राखणदारांजवळ जाऊन ती नुसती बसायची. कोण कोणाला काय पाठवतं, गर्दी कधी उसळते, गाडी अडली तर काय नासतं, हे विचारायची. थोरला हसायचा. पण हळूहळू राजाही "तिला विचारा" म्हणू लागला, तेव्हा त्याचं हसू मावळलं. तिचं कोणी कौतुक केलं की याच्या पोटात दुखायचं, आणि नाही केलं तर, आता करतील, म्हणून दुखायचं.

मग तिने आराखडा मांडला. चार लहान चौक, आणि प्रत्येक कोठारापासून चारही चौकांना वेगवेगळी वाट. एक चौक बंद पडला तरी तीन उघडे. सगळे चौक सारखे, मोठा कोणीच नाही.

थोरल्याला त्यात खोट सापडेना, याचाच त्याला जास्त राग आला. सगळेच सारखे, तर आपलं नाव कोणत्या दगडावर कोरणार?

बांधकाम सुरू झालं आणि धाकटी दगड निवडायला दूरच्या खाणीवर गेली. तेवढ्यात थोरल्याने नगरीच्या मधोमध एक भव्य कमान आणि तिच्या दोन्ही बाजूंना लांब भिंत उभारली. कोठारांच्या दारातून वाटा चारच निघत होत्या, चौकांत शिरतानाही चारच होत्या. मध्ये मात्र सगळ्या त्याच्या कमानीखालून जात. कमानीवर त्याचं नाव होतं, टपोऱ्या अक्षरांत.

धाकटीने परतल्यावर कमानीबद्दल विचारलं. ती नुसती शोभेची आहे, असं त्याने सांगितलं.

"मग दोरी लावून बघू या, दादा," ती म्हणाली.

ही त्यांच्या गुरूची रीत. नवी वाट उघडण्याआधी एखाद्या जागी दोरी आडवी बांधायची आणि दिवसभर गाड्या सोडायच्या. दुसरी वाट न सापडून कोणाची गाडी थांबली, तर काम अपुरं. थोरल्याला हे चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तो राजाकडे गेला आणि मुहूर्ताच्या तोंडावर वाट अडवणं अशुभ असतं, असं पटवून आला. दोरी लागली नाही.

सुगी आली. एके दुपारी धान्याने भरलेल्या गाडीचा आस कमानीखाली मोडला, मागे गाड्यांची रांग लागली. त्याच वेळी बियाण्याच्या कोठाराला आग लागली. तळ्याकडून पाण्याच्या गाड्या निघाल्या. गाडीवान पहिली वाट सोडून दुसरीला वळले, दुसरी सोडून तिसरीला. प्रत्येक वाट त्यांना कमानीपाशीच आणून सोडत होती.

धाकटी धावत आली. धुराकडे बघून तिने हलकेच विचारलं, "दादा, चौथी वाट कुठे गेली?"

थोरल्याने पहार उचलली आणि आपल्याच कमानीवर घालायला सुरुवात केली. नाव कोरलेला दगड आधी खाली आला. बाजूची भिंत फोडून पाणी पलीकडे पोचलं, तोवर निम्मं बियाणं राख झालं होतं.

त्या वर्षी राज्यातलं निम्मं रान पेरणीवाचून पडीक राहिलं.

थोरल्याने दरबारात आपलं कृत्य आपल्याच तोंडाने सांगितलं. प्रधानपद धाकटीला मिळालं. त्याला हाकलून द्यावं, असं बऱ्याच जणांचं मत पडलं. ती मात्र राजाला म्हणाली, "महाराज, दोरी दादांच्या हाती द्या. वाट कुठे अडते, हे त्यांच्याइतकं आता कोणाला कळणार?"

तेव्हापासून नवी वाट उघडण्याआधी थोरला तिथे दोरी बांधू लागला. मत्सर लगेच गेला असं समजू नका. पहिल्या खेपांना तिची एखादी तरी गाडी अडावी, असं त्याला मनातून वाटायचं. गाड्या अडत नसत. पुढे एकदा एक गाडी दोरीपाशी येऊन क्षणभर थबकली आणि त्याच्या काळजात धस्स झालं. ती दुसऱ्या वाटेने सुखरूप निघून गेली, तेव्हा त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. त्या दिवशी जेवण त्याला पुन्हा गोड लागलं.

तात्पर्य: दुसऱ्याचं नाव झाकायला बांधलेली भिंत सगळ्यांचीच वाट अडवते, आणि ती शेवटी आपल्याच हाताने फोडावी लागते.