आवऱ्याचं कुणी ऐकलं नाही

एका मुलीच्या अंगात एक गाव होतं. प्रत्येक पेशी म्हणजे त्या गावातलं एक घर. गावाला राखणदार होते. शहाणी माणसं त्यांना नैसर्गिक मारक पेशी म्हणतात. आपण राखणदारच म्हणू, एवढं लांबलचक नाव कोण घेत बसणार?

गावची एक रीत होती. घरात जे शिजेल त्यातलं चिमूटभर सुपात ठेवायचं आणि ते सूप दाराला टांगायचं. विषाणू नावाचा चोर घरात शिरला, की आपला स्वयंपाक बाहेर दिसू नये म्हणून आधी सूप काढून टाकायचा. त्यामुळे राखणदारांचा नियम सोपा होता. सूप दिसलं तर पुढे जायचं, नाही दिसलं तर घर पाडायचं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, जन्मापासूनच ठाऊक होतं.

पण निरोप आल्याशिवाय त्यांच्या हातात जोर यायचा नाही. निरोप आणणारे ते सायटोकाइन. त्यातल्या एकाला गाव उठव्या म्हणे, दुसऱ्याला आवऱ्या. उठव्या आला की काठ्या उचलायच्या, आवऱ्या आला की खाली ठेवायच्या. इतकं साधं होतं. पण साधं असलं तरी ऐकायला नको का?

एकदा चोरांची मोठी टोळी आली आणि मुलीला ताप चढला. उठव्या धावत आला, राखणदार तुटून पडले आणि चोर संपले. काम चोख झालं, त्याबद्दल वाद नाही. लगेच आवऱ्या आला आणि आता थांबा म्हणाला. राखणदारांचा नाईक वैतागला.

"तो म्हणतो मारा, तू म्हणतोस थांबा. आधी तुम्ही दोघं एक काय ते ठरवा, मग या."

काम दोघांचं एकच आहे, फक्त वेळ वेगळी, असं आवऱ्याने परोपरीने सांगितलं. नाईकाने त्याला वेशीबाहेर काढलं.

मग काय व्हायचं ते झालं. राखणदार गल्लोगल्ली काठ्या आपटत फिरू लागले. त्यांच्याच काठ्या लागून सुपं खाली पडत, आणि पुढच्या फेरीला तेच येऊन म्हणत, सूप नाही, पाडा घर. आता अशांना काय समजवायचं? चोर केव्हाच संपले होते, तरी मुलीचा ताप उतरायचं नाव घेईना. तिची आई कपाळावरच्या ओल्या घड्या बदलून थकली.

फिरत फिरत ते एका बाईच्या दाराशी आले. ती जमिनीवर पडलेलं सूप उचलत होती.

"तुमच्याच काठीनं पडलंय, नाईक. तेवढं टांगू द्या मला."

दारावर नाही म्हणजे नाही, असं म्हणून नाईकाने काठी घातली. अर्धी भिंत बाईच्या चुलीवर कोसळली. तेवढ्यात आवऱ्या कुंपण ओलांडून आत आला आणि त्याने नाईकाचा हात धरला.

"पुरे. कुणाची चूल मोडलीस ते तरी बघ."

नाईकाने वाकून पाहिलं. मातीखाली भाकरीची दुरडी होती. राखणदारांना रोज जी भाकरी यायची, ज्या भाकरीवर ते जगायचे, ती याच घरातून यायची. पाठवणारी कोण, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. ती भाकरीही एक सायटोकाइनच होती, जगत राहा असा निरोप.

काठ्या खाली ठेवल्या गेल्या. ताप उतरला. पण त्या दिवशी राखणदार उपाशी राहिले, आणि भिंत उभी राहीपर्यंत त्यातले कितीतरी भुकेने गेले. उरलेल्या भिंतीवर नाईकाने स्वतःच्या हाताने सूप टांगलं.

तात्पर्य, आणि हे पुन्हा सांगायला लावू नका: जो वेळेवर 'ऊठ' म्हणतो तो आपला, आणि जो वेळेवर 'पुरे' म्हणतो तोही आपलाच.