जमिनीवरचा हात

"बुवा, मी मरणार आहे का?"

गैबीबुवा मठाच्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. समोर त्यांचा पट्टशिष्य विश्वंभर उभा होता, काखेत गाठोडं मारून. आत मंडपात माणसं निरूपणाला जमली होती आणि निरूपण करायचं होतं विश्वंभरानंच.

"काय होतंय तुला?"

"काल निरूपणात बोलता बोलता छाती धडधडायला लागली. श्वास पुरेना. बोटांना मुंग्या, अंगाला दरदरून घाम. वाटलं, संपलं सगळं. उठून पळालो, बुवा. सगळ्यांदेखत."

"वैद्य काय म्हणाले?"

"नाडी ठणठणीत आहे म्हणाले. घटकाभरात आपोआप उतरलंही. पण आता ते पुन्हा येईल, याचीच धास्ती बसलीय."

एरवी विश्वंभराचा तोरा काय वर्णावा! बुवा निरूपणात मध्येच थांबत, उजवा तळहात जमिनीवर टेकवत, डोळे मिटत. शिष्य म्हणत, बुवांची समाधी लागली. ती मुद्रा हुबेहूब साधते ती आपल्यालाच, असं विश्वंभर नव्या शिष्यांना ऐकवायचा.

"मी या गादीच्या लायकीचा नाही. घरी जातो."

बुवांच्या हातातली शेंग गळली. उजवा तळहात जमिनीवर टेकला, डोळे मिटले...

विश्वंभरानं सवयीनं हात जोडले. समाधी उतरेपर्यंत बोलायचं नाही, हा मठाचा शिरस्ता होता.

बुवांनी डाव्या हातानं त्याचा हात ओढला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

आत ढोल बडवल्यासारखं धडधडत होतं. कफनी घामानं भिजली होती. बोटं गार पडली होती.

विश्वंभर त्यांच्या शेजारी बसला.

"बुवा... ही समाधी नव्हे?"

"समाधी तुम्ही म्हणता."

"कधीपासून होतं हे?"

"तुझ्याएवढा होतो तेव्हापासून."

"आणि हा हात?"

"जमीन जागेवर आहे ना, ते बघतो."

तळहाताखालची धडधड हळूहळू निवत गेली. विश्वंभराचे डोळे भरून आले. आजवर तो बुवांच्या पाया पडत आला होता, पण बुवा केवढे मोठे, ते त्याला आज दिसलं.

मंडपात टाळ वाजले. माणसं खोळंबली होती. विश्वंभरानं गाठोडं घट्ट धरलं.

"बुवा, ते परत येतंय... आता काय करू?"

बुवांनी त्याच्या काखेतलं गाठोडं काढून ओट्यावर ठेवलं आणि त्याच्या खांद्याचा आधार घेत ते उठले.

"चल. आज दोघं मिळून घाबरू."