काचडोळ्यांनी गिळलेली संध्याकाळ

एका राज्यात संध्याकाळ होत नसे. तिथल्या राजाने मेजवानीच्या भरात जादूगाराला सांगितले होते, "आजचा दिवस मावळू देऊ नकोस." जादूगाराने संध्याकाळ उचलली, तीन काचडोळ्या माशांच्या डोळ्यांत कोंडली आणि तो निघून गेला. सूर्य डोक्यावर थांबला तो थांबलाच.

आधी राजाला मौज वाटली. मग साऱ्या राज्याची झोप उडाली. येसाई भोईणीच्या तान्ह्या पोराचा तर डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्याने दूध सोडले, मग रडणेही सोडले.

राजाचे शिपाई जाळी टाकून थकले. रोहू मिळाले, मरळ मिळाली, काचडोळा नाही. अंधाराविना बेकार झालेला पिंगळा येसाईच्या कुडावर येऊन बसला.

"येसाबाई, तो मासा माझ्यासारखाच. उजेड सोसत नाही, म्हणून तळाशी बसतो. एक तळ्यात आहे, एक नदीत, एक डोहात. तिन्ही काढ, संध्याकाळ सुटेल."

"उजेड मोडला तर गळाला येईल?"

"येईल."

येसाईने पोर पाठीशी बांधले आणि गळ घेतला. तळ्याकाठी ती वाऱ्याची वाट पाहत बसली. वारा सुटला, पाण्याला सुरकुत्या पडल्या, उन्हाचे तुकडे झाले. तिने गांडूळ लावलेला गळ खडकाळ तळावरून हळूहळू ओढला. पहिला मासा आला आणि आभाळाचा एक कोपरा जांभळा झाला.

नदीवर तिने बंधाऱ्याखालची जागा धरली, धावते पाणी निवांत पाण्याला भेटते ती. वरच्या अंगाला म्हशी उतरवल्या. पाणी गढूळले, तसा गळाला लावलेल्या जिवंत मासोळीवर दुसरा लागला. दुसरा कोपरा जांभळा झाला. सूर्य काही ढळला नाही.

डोहात ना वारा, ना गाळ. तळाचा गोटा न् गोटा दिसत होता. राजा पाहायला आला होता, डोक्यावर छत्र.

"महाराज, छत्र पाण्यावर धरा," येसाई म्हणाली.

"राजा छत्राखालून बाहेर येत नसतो."

"मग दिवसही मावळत नसतो."

राजाने तिच्या पाठीवरच्या पोराकडे पाहिले. छत्र स्वतःच्या हाताने पाण्यावर धरून तो उघड्या डोक्याने उन्हात उभा राहिला. सावलीत दोन डोळे चमकले.

येसाईच्या बोटावरची दोरी किंचित जड झाली, इतकेच.

"ओढ," राजा कुजबुजला.

"नाही, महाराज. हा आधी नुसता ओठांत धरतो. हिसका दिला की गेला."

तिने दोरी सैल सोडली आणि पाठीवरच्या पोराचे तीन श्वास मोजले. तिसरा यायला फार वेळ लागला. तो आला, तेव्हा तिने मनगट वळवले.

मासा काठावर आला. सूर्य ढळला, सावल्या लांबल्या, दिवेलागण झाली. "मला कामे आहेत," म्हणून पिंगळा उडाला. उन्हाच्या सवयीने राजाने छत्र पोरावर धरले.

"आता नको, महाराज," येसाई म्हणाली. पोराने जांभई दिली आणि ते निजले. येसाई मात्र पोटभर रडली.

ते तान्हे जसे निजले, तसे ऐकणाऱ्यांनीही आता निजावे.