पहिली नाव आणि सूर्योदयाची घंटा

फार मागे, ज्या काळाची तिथी कुणी मांडून ठेवलेली नाही, तेव्हा एका नदीकाठी मोठे विद्यापीठ होते. तिथे वर्षातून एकदा प्रवेशपरीक्षा होई. सूर्योदयाला घंटा वाजे आणि महाद्वार बंद होई. राजपुत्र असो की रंक, उशिरा आलेल्याला आत घेत नसत. आपला नियम सर्वांना सारखा आहे, याचा वृद्ध कुलगुरूंना अभिमान होता.

पैलतीरचे मात्र कुणीच कधी आत आले नव्हते. त्यांना शिक्षणाची ओढच नाही, असे अध्यापक म्हणत. कुलगुरूंनाही ते खरे वाटे.

एका वर्षी दार लागल्यावर पैलतीरच्या बुरुडाची मुलगी धापा टाकत पायरीशी पोचली. परीक्षेला तीनदाच बसता येई, आणि उशीर झाला तरी ती संधी गेली असे धरत. आजची धरून तिच्या दोन संधी अशाच गेल्या. कुलगुरूंनी तिला मायेने समजावले, की बाळ, जरा लवकर उठत जा.

"उठायचं कशाला गुरुजी, मी झोपतेच कुठे?" ती म्हणाली. "पण पहिली नाव उजाडल्यावरच सुटते."

मग आदल्या दिवशी यावे, असे त्यांनी सुचवले. पहिल्या खेपेला तेही करून पाहिल्याचे तिने सांगितले. पैलतीरची म्हटल्यावर गावात कुणी ओसरीवरही टेकू दिले नाही, म्हणून ती शेवटच्या नावेने परतली होती.

कुलगुरूंना ही सबब वाटली. मनावर घेतले तर वाट निघते, हे दाखवायला पुढल्या वर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी ते स्वतः पैलतीरी गेले. बुरुडाने घरातली एकुलती एक चटई त्यांना अंथरून दिली. पहाटे मुलीला घेऊन ते काठावर आले आणि नाव लवकर सोडायला सांगू लागले.

"पाण्याखाली खडक आहेत गुरुजी," नावाडी म्हणाला. "नावेत कुलगुरू बसलेत, हे त्यांना कोण सांगणार?"

नाव सुटली, आणि मध्यावर असतानाच घंटा वाजली. मुलीने डोळे मिटून घेतले.

महाद्वारापाशी रखवालदाराने हात जोडले. "क्षमा असावी. नियम आपणच घातलाय."

कुलगुरू बराच वेळ बंद दाराकडे बघत राहिले. ते बाहेरून कसे दिसते, हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. मग ते मुलीशेजारी पायरीवर बसले.

"बरोबर आहे तुझं, आम्हाला आत घेऊ नकोस," ते रखवालदाराला म्हणाले. "पण आतल्यांना बाहेर यायला बंदी नाही ना? त्यांना बोलाव. परीक्षा इथे होईल."

अध्यापक परीक्षार्थींना घेऊन कुरकुरत बाहेर आले. अशाने विद्यापीठाची पातळी घसरेल, असे एकाने बजावले.

"इतकी वर्षं आपण बुद्धी मोजतोय असं मला वाटत होतं," कुलगुरू म्हणाले. "आपण नदी मोजत होतो."

मुलगी पहिली आली नाही, शेवटचीही नाही. सतरावी आली, आणि तेवढे पुरेसे होते. पुढल्या वर्षापासून घंटा पहिली नाव लागल्यावर वाजू लागली, आणि लांबून येणाऱ्यांसाठी विद्यापीठाने धर्मशाळा बांधली. पूर्वी किती जण बंद दार पाहून परत गेले, याची नोंद मात्र कुठेच सापडली नाही.

तात्पर्य: नियम सर्वांना सारखा आहे की नाही, हे दाराच्या आत बसून कळत नाही, त्यासाठी दूरच्या घरापासून उंबऱ्यापर्यंत चालून यावे लागते.