आधी पिन काढायची

एका गावात एक भोळा गडी होता, नारबा नावाचा. भोळा म्हणजे किती? 'दाराकडे लक्ष ठेव' म्हटलं, तर चोर खिडकीतून शिरला तरी हा दाराकडेच बघत बसायचा. लोक त्याला मूर्ख म्हणत. मला विचाराल तर तो मूर्ख नव्हता, सांगितलेलं ऐकणारा होता. असली माणसं इतकी कमी भेटतात, की लोकांना फरक कळत नाही.

नारबाचं लग्न जमत नव्हतं. शेवटी शेजारच्या गावच्या गणूआबांनी निरोप धाडला, की पोरगा एखाद्या धंद्याला लागला तर आमच्या फुलाचा विचार करू. फुलाला नारबाने जत्रेत पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. त्याची आई तानूबाई त्याला घेऊन थेट दौलू मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री लोखंडी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करायचा. याला कामाला लावा, नाहीतर माझ्या घरात सून येत नाही, असं ती म्हणाली. मिस्त्रीने नारबाच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि हातात ग्राइंडर दिला.

पहिल्याच दिवशी नारबा झिजलेली चकती बदलायला बसला, ग्राइंडर बोर्डाला लावलेलाच. बोट चुकून बटणावर पडलं. चकती गर्रकन फिरली आणि सदऱ्याची बाही फाडून गेली. हात वाचला तो नशिबाने. मिस्त्रीचं एक बोट असंच गेलं होतं, त्यामुळे तो आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"आधी पिन काढायची, मग हात लावायचा," मिस्त्री म्हणाला. कारखान्यात प्लगला पिन म्हणतात. "चालू असला की दोन्ही हातांनी धरायचा. ठिणग्या माणसांकडं न्हाई, भितीकडं उडवायच्या. आन् पुरता थांबल्याबिगर खाली ठेवायचा न्हाई. ध्यानात ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल," नारबा म्हणाला. आणि राहिलं. तिथेच घोळ झाला.

दुपारी मिस्त्रीची बायको कासूवहिनी अंगणात धुणं वाळत घालत होत्या. पाळण्यातलं पोर उठून रडायला लागलं, म्हणून त्यांनी नारबाला त्याला उचलायला सांगितलं. पोराच्या लंगोटाला पिन होती. आधी पिन काढायची, मग हात लावायचा. नारबाने पिन काढली. मग पोराला दोन्ही हातांनी धरलं. लंगोट गळून पडला आणि पोराने कारंजं सोडलं. माणसांकडं न्हाई, भितीकडं. नारबाने त्याला चटकन भिंतीकडे वळवलं. भिंतीकडेला वहिनींचे पापड वाळत होते.

वहिनी ओरडत आल्या, की आधी त्याला खाली ठेव.

"कसा ठेवू वहिनी? अजून पुरता थांबला न्हाई," नारबा म्हणाला. पोर हातपाय झाडतच होतं. वहिनींनी शेवटी ते हिसकावून घेतलं. मिस्त्रीने कपाळाला हात लावला. पण रागवायचं तरी कशावर? गडी सांगितल्याच्या बाहेर एक पाऊलही गेला नव्हता.

पुढे एकदा मिस्त्रीने ग्राइंडरला लावायचा, मधे भोक असलेला घासायचा नवा गोल दगड आणला. बसवण्याआधी तो बोटात अडकवून पेचकसाच्या लाकडी मुठीने हळूच कसा वाजवायचा, हे त्याने नारबाला दाखवलं. खणखणीत वाजला तर दगड चांगला. बद्द वाजला तर आत तडा आहे. असला दगड फिरता फिरता फुटतो आणि तोंडावर येतो, म्हणून तो लागलीच फोडून टाकायचा, चुकून दुसऱ्याच्या हाती लागायला नको. नवी चीज वाजवून घ्यावी, असं मिस्त्रीचं म्हणणं होतं.

वहिनींनी सकाळीच बाजारातून नवा माठ आणून भरून ठेवला होता. नारबा पाणी प्यायला गेला. नवी चीज दिसली. त्याने ती वाजवली. काठोकाठ भरलेला माठ तो, बद्दच वाजला. नारबा हळहळला आणि त्याने हातोडी घेतली.

वहिनी या वेळी ओरडल्या नाहीत. त्या नुसत्या ओल्या पायांनी नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, ते जास्त वाईट होतं. मिस्त्रीने नारबाला जवळ बसवून समजावलं, की गड्या, भरलेलं ते बद्दच वाजणार. खणखणीत वाजतं ते रिकामं. नारबाने हेही पाठ करून टाकलं.

अशात गणूआबा आले, फुलाला बरोबर घेऊन. पोरगा काम कसं करतो, ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. तानूबाई तर देव पाण्यात घालून बसली होती. नारबा तेव्हा एक पट्टी कापत होता. डोळ्यांवर चष्मा, अंगाला बेताचा सदरा, ग्राइंडर दोन्ही हातांत, ठिणग्या भिंतीकडे. पट्टी कापून झाली. चकती पुरती थांबली, तेव्हा त्याने ग्राइंडर खाली ठेवला आणि पिन काढली. आबा बघतच राहिले. त्यांच्या थोरल्या जावयाला असल्याच कामावर चष्मा लावायची लाज वाटली होती, आणि तो एक डोळा घालवून बसला होता. आबांना नारबा आवडला. चहा आला.

आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला, चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "सोयरीक म्हंजे नवी चीज. दोन्हीकडनं वाजवून घ्यावी."

नारबाला हे तंतोतंत पटलं. त्याने उठून पेचकसाची लाकडी मूठ आबांच्या टकलावर हळूच मारली. टण्ण वाजलं. आबांची बशी ओठांशीच थांबली.

"काळजी नगं, आबा," नारबा आनंदाने म्हणाला. "तडा कुठंच न्हाई. आत काय न्हाईच, म्हणून खणखणीत वाजलं."

आबांनी फेटा उचलला. सोयरीक मोडली हे नारबालाही कळलं, आणि त्याचा चेहरा असा उतरला की कासूवहिनींनाही वाईट वाटलं. फुला मात्र जागची हलली नाही. हसून हसून तिच्या पोटात दुखत होतं.

"दाजींना समद्यांनी सांगितलं, त्यांनी ऐकलं न्हाई," डोळे पुसत ती बापाला म्हणाली. "ह्यो ऐकतो तरी. मला ह्योच पायजे."

आबा दाराशी घुटमळले. त्यांना थोरली लेक आठवली असावी. लग्न ठरलं, मात्र एका अटीवर. मंडपात जावयाच्या हाती हत्यार दिसता कामा नये.

हत्यार नव्हतंच. मुहूर्त गोरजाचा होता. मंडपाला चारी बाजूंनी पडदे, आत दिव्यांच्या माळा. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट सरला. लेकाच्या कानाशी लागून तानूबाईने सांगितलं, की हार घाल आणि पोरीचा हात धर.

नारबा थबकला. आयुष्यातलं एवढं मोठं काम, त्यात हयगय करून कसं चालेल? आधी पिन काढायची, मग हात लावायचा. फुलाच्या हाताला तर पिन नव्हती. त्याने इकडेतिकडे पाहिलं. बोहल्यामागे बोर्ड होता आणि त्यात चांगली जाडजूड पिन होती. त्याने ती काढली.

मंडपात काळोख झाला. माइक बंद पडला, पोरं किंचाळली, कोणीतरी जिलब्यांच्या परातीत बसलं. आबा शिव्या देत बोहल्यावर चढले आणि पिन चाचपू लागले. नारबाला आता कसलीच भीती नव्हती. परत जागेवर येऊन, समोर जे सापडलं त्याच्या गळ्यात त्याने हार घातला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं. समोरून धडपड सुरू झाली. नवरी लाजते, हे त्याने ऐकलं होतं. त्याने तिला उचलूनच घेतलं.

मिस्त्रीने पिन शोधून लावली. दिवे लागले. नवरदेवाच्या कवेत गणूआबा होते, गळ्यात हार होता आणि पाय हवेत फिरत होते. फुलाने हसू दाबायला शालूचा पदर तोंडात कोंबला होता.

खाली ठेव, म्हणून आबा गरजले.

"ठेवतो की," नारबा म्हणाला. "आधी पुरतं थांबा तरी."

मुहूर्त टळत चालला होता. साऱ्या वऱ्हाडाने आबांना हात जोडले. आबा पार दमून थांबले, तेव्हा कुठे नारबाने त्यांना अलगद खाली ठेवलं. भटजींनी घाईघाईने सांगितलं, की आता तरी नवरीचा हात धरा.

नारबाने मान डोलावली आणि तो बोर्डाकडे निघाला.