हयातीचा दाखला

“आणि कुणाला कळलंच नाही तर, बाई?”

ओजस गुळवणीनं विचारलं तेव्हा त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना.

देवस्थळीबाईंनी खांद्यावरची शाल सारखी केली. बँकेच्या त्या संगणक केंद्रात बारा महिने इतका गारठा असे, की बाईंची शाल कधी उतरलीच नाही.

चौतीस वर्षं बाईंनी दोनच कामं केली होती. बँकेच्या मेनफ्रेमवर, म्हणजे सगळी खाती सांभाळणाऱ्या त्या अवाढव्य संगणकावर, कोबॉल या जुन्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचे. आणि ते लिहिणारी माणसं तयार करायची. त्या मजल्यावर मॅडम पुष्कळ होत्या. बाई एकच.

त्यांच्या यंदाच्या अकरा शिकाऊंमध्ये ओजस सर्वांत हुशार, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. कोबॉल माझ्या वडिलांपेक्षा वयानं मोठी आहे, तिला वाकून नमस्कार करायचा की शिकायची, असं तो कँटीनमध्ये म्हणाला होता. मागच्या टेबलावर बाई चहा पीत होत्या.

आज तो चेष्टेखोर पोरगा कुठल्या कुठे गेला होता.

झालं होतं ते असं. दर डिसेंबरात पेन्शनरांचा एक जॉब, म्हणजे ओळीनं चालणाऱ्या प्रोग्रॅमांची साखळी, चालतो. त्याच्या सहा पायऱ्या. ज्यांचा हयातीचा दाखला आलेला नाही, त्यांच्या नावापुढचा आकडा पहिली पायरी एकानं वाढवते. आकडा दोन झाला, म्हणजे लागोपाठ दोन वर्षं दाखला नाही, की तो माणूस वारला असं बँक धरून चालते. मग पाचवी पायरी त्या खात्याच्या फोनवर तसा मेसेज पाठवते.

साडेअकराला बाईंना वरच्या मजल्यावर मीटिंगला बोलावलं. जॉब चालू होता, पडदा त्यांच्याच आयडीनं उघडा होता. काही झालं तर हात लावू नकोस, मला फोन कर, एवढं बजावून त्या गेल्या आणि जॉब चौथ्या पायरीवर अडून पडला.

एका नोंदीत तारीख चुकली होती. ओजसनं ती दोन मिनिटांत शोधली. फोन हाताशी होता. पण बाई परत येतील तेव्हा सगळं कसं झकास झालेलं दिसेल, या विचारानं त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यानं तारीख सुधारली आणि जॉब पुन्हा चालायला सोडला.

पहिल्या पायरीपासून सोडला.

पडलेला जॉब जिथं पडला तिथूनच उचलायचा असतो. पहिल्या आठवड्यातला धडा होता तो, आणि ओजसनं त्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवले होते. पण घाई झाली की मिळवलेलं सगळं हवेत जातं. पहिली पायरी पुन्हा चालली आणि एकदा वाढलेला आकडा पुन्हा एकानं वाढला.

सहाही पायऱ्या शून्यावर संपल्या. मेनफ्रेमवर शून्य म्हणजे सगळं ठीक. त्यानं शेजारच्या मुलीला बोलावून ती शून्यं दाखवलीसुद्धा.

डबा उघडताना त्यानं सहज अहवाल बघितला. दर वर्षी चाळीसेक माणसं वारलेली निघत. आज तीनशे त्रेपन्न निघाली होती. त्यातल्या तीनशे बारा जणांचा यंदाचाच दाखला तेवढा राहिला होता. कुणी दवाखान्यात असेल, कुणाचे गुडघे धरले असतील, कुणी लेकीकडे गेलं असेल. बँकेनं त्या सगळ्यांना एका फटक्यात वारलेलं ठरवलं होतं.

डबा तसाच राहिला.

परवानगीशिवाय चालू कामाला हात लावला तर त्याच दिवशी घरी, हे नेमणुकीच्या पत्रात जाड अक्षरात होतं. सांगलीत त्याच्या आईनं सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा सांगून ठेवलं होतं, की आमचा ओजस बँकेच्या कामाला लागला. जॉब कुणी चालवला त्याच्या नोंदी तो वारंवार बघत राहिला. सगळीकडे बाईंचा आयडी होता. त्याचं नाव कुठंच नव्हतं. या गोष्टीनं त्याला धीर आला, आणि धीर आला म्हणून तो आणखी घाबरला.

बाई खाली येईपर्यंत त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. तीनशे त्रेपन्न जणांचा आकडा एकानं कमी करायचा, मग ज्यांचा एकच उरेल त्यांच्यापुढची ‘मृत’ ही खूण काढायची. सगळं कबूल करून त्यानं तो बाईंपुढे ठेवला आणि मग तो प्रश्न विचारला.

बाईंनी चष्मा लावला. पडद्यावर बोट ठेवून त्या एकेक ओळ वाचत गेल्या. ओजस त्या बोटाकडे बघत उभा होता. त्याला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या.

त्यानं श्वास सोडला.

“कुणाच्या नावानं चालवायचा?”

“तुमच्या... तुमच्याच आयडीनं. म्हणजे नोंदी एकसारख्या दिसतील.”

बाईंनी पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडे बघितलं.

“माझ्याकडे परवानगीच नाही ना, बाई.”

बाईंनी मान हलवली. ते खरंच होतं.

“आणि मेसेज? ते परत आणणारी ओळ कुठं आहे?”

ओजस पडद्याकडे बघत राहिला. तशी ओळ नव्हती. तशी ओळ कुठल्याच भाषेत लिहिता येत नाही, हे त्याला कळलं.

बाईंनी तीनशे बारा नावांची यादी छापून घेतली. ती टेबलावर ठेवली. मग फोन उचलून त्याच्यापुढे सरकवला.

“पहिला नंबर लाव.”

काय विचारू, असं त्यानं विचारलं. बाईंनी यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. तुम्ही जिवंत आहात का, हे माणसाला कसं विचारतात, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

भास्कर यशवंत तुळपुळे, वय त्र्याऐंशी, इस्लामपूर. नंबर दाबताना दोनदा चुकला. तिकडे घंटी वाजू लागली. उचलू नका, उचलू नका, असं तो मनात म्हणत होता. आणि कुणी उचललाच नाही तर काय, याचीही त्याला भीती वाटत होती.

सहा वेळा वाजली... सात...

“हॅलो, तुळपुळे बोलतोय. बँकेतून का? अहो, मी वारलो म्हणून मेसेज आलाय मला. चारदा वाचला. तेव्हापासून आमची ही नुसती बसून आहे, जेवली नाही. कोण बोलतंय?”

ओजसनं फोनवर हात दाबून धरला. त्याचे डोळे भरून आले होते.

“बाई, ते आहेत,” तो पुटपुटला.

तळहाताखालून म्हातारा आवाज येतच होता. कोण बोलतंय, कोण बोलतंय.

“काय सांगू, बाई? सिस्टिमची चूक झाली, असं सांगू?”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“ते आहेत, हे कळलं. आता तू आहेस का, ते त्यांना सांग. तुझ्या नावानं.”